खानदेश उधन्याला उतरतो

मुंबईहून सुरतकडे जाताना सुरतच्या अलीकडे उधना जंक्शन लागतं. मुख्य लोहमार्ग सोडून एक फाटा इथून पूर्वेला वळतो आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी गावं घेत जळगावला पोचतो. अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. तापी व्हॅली रेल्वे या कंपनीने एकोणिसावं शतक संपता संपता हा मार्ग बांधला, तेव्हा खानदेशही मुंबई इलाख्यात होता आणि सुरतही. १ मे १९६० रोजी या मार्गावर दोन राज्यांची सीमा आली. नवापूर स्थानकात तर ती फलाटावरूनच जाते. स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. माणसांची ये-जा मात्र त्या रेषेने कधी थांबली नाही.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत आज गल्लोगल्ली खानदेशची अहिराणी ऐकू येते. कुणी धुळ्याचा, कुणी पारोळ्याचा, कुणी शिंदखेड्याचा. कुणी पावरलूमच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं उचलायला. पुण्या-मुंबईतल्या मराठी वाचकाला सुरत हे परराज्यातलं शहर वाटतं. खानदेशातल्या अनेक घरांसाठी मात्र ते पुण्याहून जवळचं आहे, आणि इथे जवळचं म्हणजे फक्त किलोमीटरमध्ये नव्हे. माणसं कुठे आहेत एवढं नकाशा दाखवतो. ती तिथेच का आहेत, हा मानवी भूगोलाचा प्रश्न. उधन्यापुरतं त्याचं उत्तर शोधायचं तर सुरुवात नदीपासून करावी लागते.

तापी मुलताईजवळ उगवते आणि सातपुड्याच्या दक्षिण अंगाने पश्चिमेला वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि पश्चिम किनाऱ्याकडे जायचं तर सह्याद्रीचे घाट उतरावे लागतात. तापीचं खोरं मात्र किनाऱ्यापर्यंत सलग उघडं आहे. म्हणूनच मोगल काळात बुऱ्हाणपूरचं कापड सुरत बंदराला याच वाटेने यायचं. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला या खोऱ्यातूनच गेला. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याच मार्गाने फिरला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असं लिहून गेला. विदाल द ला ब्लाश या फ्रेंच भूगोलकाराचं म्हणणं होतं की निसर्ग माणसाला हुकूम देत नाही, शक्यता देतो. त्यातली कोणती उचलायची ते माणूस ठरवतो. तापीने वाट दिली. तिच्यावर आधी बैलांचे तांडे चालले, मग रूळ पडले, आणि रुळांवरून कापसाच्या गाठींबरोबर माणसंही निघाली.

माणसं निघतात ती काही नियमाने निघतात का, हा प्रश्न एर्न्स्ट रावेनश्टाइनला पडला. जर्मनीत जन्मलेला हा नकाशाकार लंडनमध्ये काम करायचा. ब्रिटनच्या १८८१च्या जनगणनेत जन्मस्थळाची नोंद होती. ती चाळून त्याने १८८५मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसं थोड्या अंतरावर जातात. लांब जाणारी मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक शहरांकडे जातात. प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह असतो. आणि थोड्या अंतराच्या स्थलांतरात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. या शेवटच्या नियमाला भारताइतका भक्कम पुरावा दुसरीकडे क्वचित मिळेल. २०११च्या जनगणनेत पंचेचाळीस कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, आणि त्यांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न. म्हणजे सासरी गेलेल्या मुली. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यावर बोजा घेतलेला पुरुष येतो. आकड्यांत ती प्रामुख्याने बाई आहे.

पुढे १९६६मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हरेट ली याने स्थलांतर चार गोष्टींत बसवलं: जिथून निघायचं तिथली परिस्थिती, जिथे जायचं तिथली परिस्थिती, मधले अडथळे आणि ज्याची-त्याची वैयक्तिक स्थिती. खानदेशाला हे लावून पाहावं. केळीच्या बागांचा रावेर-यावलचा पट्टा सोडला तर बराच मुलूख कोरडवाहू. धुळे, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर भागांत पावसाचा भरवसा नाही. अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल बंद पडल्या, तेव्हा गावाजवळचा पगारही गेला. दुसऱ्या टोकाला सुरत कृत्रिम धाग्याच्या कापडाचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र होत होती. मध्ये अडथळा असा काही नव्हताच. एक गाडी, एक रात्र.

मला यात समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफरचा १९४०चा विचार जास्त उपयोगी वाटतो. तो म्हणाला, अंतराला स्वतःचं असं महत्त्व नाही. वाटेत दुसऱ्या किती संधी आहेत, त्यावर माणूस कुठवर जातो हे ठरतं. जळगावहून मुंबईच्या वाटेवर नाशिक लागतं आणि अनेक जण तिथेच थांबतात. तापीच्या वाटेवर उधन्यापर्यंत तेवढ्या ताकदीचं एकही औद्योगिक शहर नाही, म्हणून खानदेशातून निघालेला माणूस थेट उधन्यालाच उतरतो. एकदा एक काका उतरला, की पुतण्याला खोली शोधावी लागत नाही. तो काकाकडे टेकतो, काकाच कारखान्यात शब्द टाकतो. भूगोलात याला साखळी स्थलांतर म्हणतात. सुरतेत सौराष्ट्रातली माणसं वराछा-कतारगाममध्ये हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंटीवर, ओडिशाच्या गंजाममधली मुलं लूमवर आणि खानदेशातली उधना-लिंबायतेत, हे वाटप कुणी आखून दिलेलं नाही. ते अशा शेकडो साखळ्यांनी झालं आहे.

आता आकडे. १९५१मध्ये सुरत सव्वादोन लाखांचं शहर होतं. २०११मध्ये महानगरपालिकेची लोकसंख्या ४४ लाख ६७ हजार भरली, म्हणजे साठ वर्षांत वीसपट. २००१मधल्या २४ लाख ३४ हजारांशी ताडून पाहिलं तर दहा वर्षांत ८३ टक्के वाढ दिसते, आणि भाषणांत हाच आकडा फेकला जातो. पण कुठल्याही शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते: मृत्यूंपेक्षा जन्म जास्त झाले, बाहेरून माणसं आली किंवा शहराची हद्दच वाढली. सुरतेची हद्द २००६मध्ये सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६वर गेली. भोवतालच्या वस्तीसह सगळा नागरी समूह धरला तर २८ लाख ११ हजारांचे ४५ लाख ९१ हजार झाले. वाढ ६३ टक्के. त्या दशकात देशाची वाढ १७.७ टक्के होती. मधला फरक बहुतांशी बाहेरून आलेल्या माणसांचा आहे.

घनता काढली तर चौरस किलोमीटरला साडेतेरा हजारांच्या वर येते. पण ज्या खोलीत दिवसपाळीची माणसं रातपाळीला गेलेल्यांच्या अंथरुणावर झोपतात, तिथली दाटी या सरासरीत दिसत नाही. ओडिया कामगारांच्या मेसमध्ये हेच चालतं. बारा तासांच्या दोन पाळ्या, एकच जागा, एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे आडवे होतात.

उधन्याकडून मला खरं शिकायला मिळतं ते या मेसच्या आणि खानदेशी खोलीच्या फरकातून. २०११मध्ये सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया होत्या, गुजरातेत सर्वांत कमी. त्याच जनगणनेत गंजाममध्ये हा आकडा ९८०च्या वर होता. रत्नागिरीत तर तो ११००च्या वर. मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलेल्या कोकणाची ती जुनी खूण. पुरुष जिथून जातात तिथे स्त्रियांचं पारडं जड होतं, जिथे येतात तिथे हलकं. सुरतेचा लोकसंख्येचा मनोरा काढला तर विशी-तिशीच्या पुरुषांकडचा भाग फुगलेला दिसतो.

पण आलेला प्रत्येक जण एकटा आलेला नाही. खानदेशातून आलेल्यांत बायको-मुलांसह घर थाटलेले पुष्कळ आहेत. गंजामच्या कामगारांत एकट्या पुरुषांचं प्रमाण फार मोठं आहे. काम जवळपास सारखं, पगार जवळपास सारखा. मोठा फरक अंतराचा आहे. गंजाम उधन्याहून सतराशे किलोमीटरच्या आसपास, दीड दिवसाचा प्रवास. बायकोला तिथून आणायचं तर म्हातारे आईबाप आणि जमीन दोन्ही मागे पोरकी होतात. नंदुरबार दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे. आजारपण, पेरणी, लग्न, मयत, कशालाही रात्री गाडीत बसून सकाळी पोचता येतं. घर दोन्हीकडे ठेवता येतं, म्हणून इकडे घर करण्याची हिंमत होते. अंतर फक्त किती माणसं येतील हे ठरवत नाही, कोण येईल तेही ठरवतं.

संकटातही हे अंतर बोललं. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसं काही दिवसांत सुरत सोडून गेली, तेव्हा जवळच्यांना घर गाठणं सोपं होतं. २०२०च्या टाळेबंदीत ओडियांना मेमध्ये श्रमिक विशेष गाड्या सुटेपर्यंत बंद खोल्यांत अडकून राहावं लागलं. रावेनश्टाइनचा उलटा प्रवाहही असा वाटेच्या लांबीने ठरतो.

बाई आणि मुलं आली की संस्कृती येते. एकटा पुरुष पैसे पाठवतो, सणाला गावी जातो. कुटुंबाला शाळा लागते, देव लागतो, लग्नाला सोयरीक लागते. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत प्राथमिक शाळा चालवते. शहरात कुठून कुठून कुटुंबं आली, याचा यापेक्षा प्रामाणिक नकाशा मला माहीत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई ही देवी बसते. भाऊबंद एकत्र येऊन रोटाचं दळण करतात, रात्र जागवतात, सोमवारी विसर्जन होतं. तीच कानबाई आता उधना-लिंबायतेतही बसते. एखादी प्रथा शेजारच्यांनी पाहून उचलली तर तो विस्ताराने झालेला प्रसार, आणि माणसांनी पाठीवरून वाहून नेली तर स्थलांतराने झालेला. कानबाई दुसऱ्या प्रकारची. भाऊबंदकीचा सण भाऊबंद हलल्याशिवाय हलत नाही.

भाषेनेही इथे वाट सोपी केली. भाषाभ्यासक ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी ही भिल्ली बोलींसोबत गुजरातीच्या बाजूला मांडली. मराठी भाषकांना ते पटत नाही आणि वाद अजून चालतो. पण नंदुरबारहून व्यारापर्यंत गावागावाने जाणाऱ्याला एक भाषा संपली आणि दुसरी सुरू झाली, असा एक दगड सापडत नाही. बोली हळूहळू रंग बदलत जातात. अहिराणी बोलणारा माणूस बाजारातली गुजराती लवकर उचलतो, ते या सलगपणामुळे. जनगणनेत मात्र त्याला एकच रकाना मिळतो. कुणी मातृभाषा मराठी सांगतो, कुणी अहिराणी. २०११मध्ये गुजरातेत मराठी सांगणारे नऊ लाखांच्या वर होते. प्रत्यक्षातला खानदेशी समाज या आकड्यापेक्षा मोठा असणार, असं मला वाटतं.

स्थिरावलेल्या लोकसंख्येचं वजन राजकारणातही उतरतं. उधना ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात आहे, तिथून २००९पासून निवडून येणारे सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, आणि लिंबायतच्या आमदार संगीता पाटीलही मराठी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, जवळचा माणूस घर करतो, लांबचा करत नाही. हा नियम मोडणारी माणसं याच रेल्वेमार्गावरच्या बारडोली भागात येतात. दिवाळीच्या आगेमागे धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून ऊसतोड टोळ्या दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांकडे येतात. त्यांत नवरा-बायको मुलाबाळांसह येतात. जोडपं मिळून एक कोयता. अंतर थोडं, कुटुंब सोबत, तरी घर होत नाही, कारण मुकादमाची उचल फेडेपर्यंत पालात राहायचं आणि हंगाम संपला की निघायचं. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात या टोळ्यांचा अभ्यास केला. माणसं पोचतात आणि तरी रुजू दिली जात नाहीत, हे त्यांनी जगापुढे मांडलं. म्हणजे अंतरासोबत कामाचा करारही तोलावा लागतो. गंजामच्या कामगारालाही हे लागू आहे: बारा तासांची पाळी आणि तुकड्यावर मजुरी असताना वेगळी खोली भाड्याने घेणं त्याला परवडत नाही. आणि ऊसतोडीची मुलं फेब्रुवारीत, जनगणनेच्या ऐन दिवसांत, धड गावात नसतात, धड शहरात नसतात.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. दरम्यान सप्टेंबर २०२५मध्ये उधना ते ब्रह्मपूर अशी थेट अमृत भारत गाडी सुरू झाली. ब्रह्मपूर हे गंजामचंच शहर. किलोमीटर तेवढेच राहिले, वाट सोपी झाली. अंतराबद्दल वर जे म्हटलं ते खरं असेल तर उधना आणि पांडेसरा भागांत पुढच्या काही वर्षांत ओडिया कुटुंबं वाढली पाहिजेत, हजारी स्त्रियांचा आकडा वर सरकला पाहिजे, ओडिया माध्यमाच्या वर्गात पट भरला पाहिजे. गाडी असूनही हे झालं नाही, तर दोष अंतराचा नव्हता, पाळीचा आणि भाड्याचा होता असं मानावं लागेल. वॉर्डनिहाय आकडे आले की लिंबायतचा तक्ता आणि पांडेसऱ्याचा तक्ता शेजारी ठेवून हे तपासता येईल.