एटीव्ही : 'हाय' कुठे, 'लो' कुठे?

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या एटीव्ही वाचकांनी पाहिल्याच असतील. त्याच जातीची, पण कामाला जुंपायची मोठी गाडी म्हणजे युटिलिटी एटीव्ही. पुढे-मागे सामानाचे कॅरिअर, ट्रेलरसाठी हूक आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना जोर. होंडाने १९८६ मध्ये फोरट्रॅक्स ३५० हे चारही चाके ओढणारे मॉडेल आणले आणि अमेरिकेतील शेतांवर, कुरणांवर ही गाडी रुळली. आपल्याकडे ती बागा, फार्महाऊस, रिसॉर्ट येथे तुरळक दिसते. किंमत लाखांत जाते. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने आणि ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तिच्या ड्राइव्हची रीत समजून घेतलेली बरी.

यातील बहुतेक गाड्यांत स्कूटरसारखा व्ही-बेल्ट असतो आणि बिघाडाचे मूळ बहुधा तेथेच सापडते. चालक 'हाय' टाकतो, मागे दगड-विटांनी भरलेला ट्रेलर जोडतो आणि चालण्याच्या वेगाने चढ चढू लागतो. पुलीची पकड पुरती बसत नाही, बेल्ट घसरतो, तापतो, रबर जळाल्याचा वास येतो. मालक म्हणतो, माल हलका निघाला! माल हलका नसतो, गिअर चुकलेला असतो. पोलॅरिसच्या माहितीपुस्तिकेत ताशी सुमारे ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने काम असेल तर 'लो' वापरा, असे सांगितलेले आहे. ओझे, ट्रेलर, चढ, दगडधोंडे, यांपैकी काहीही असले तरी 'लो'च. गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबलेली आणि इंजिन मंद चालत असले पाहिजे. होंडाच्या काही मॉडेलांत बेल्ट नसून दातेरी गिअर असतात. तेथे बेल्ट जळण्याचा प्रश्न नाही, पण ओझ्याचा नियम तोच.

दोन चाके की चार, हा दुसरा प्रश्न. कडक, कोरड्या जमिनीवर मागची दोन चाके पुरतात. हॅण्डल हलके राहते. ओले गवत, भाताच्या खाचरातला चिखल, जांभ्याच्या उतारावरची सुटी खडी दिसली की फोर-व्हील लावावे, आणि तेही तेथे पोचण्याआधी. मागची चाके जागच्या जागी गरगरत असताना बटण दाबले तर पुढच्या शाफ्टला व क्लचला झटका बसतो.

यामाहाच्या ग्रिझलीसारख्या गाड्यांत आणखी एक बटण असते, डिफरन्शियल लॉकचे. पुढची दोन्ही चाके एकाच गतीने फिरू लागतात. रुतलेली गाडी यामुळे निघते, पण हॅण्डल फार जड होते. म्हणून लॉक सरळ रेषेत, सावकाश आणि तेवढ्यापुरतेच वापरावे.

वाळूत रिकामी गाडी फोर-व्हील आणि 'हाय'मध्ये एकसारख्या वेगाने काढावी. मध्येच थांबलात की रुतलात. माल भरलेला असेल तर 'लो'. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे चुकवू नये, खारा ओलावा लोखंड खातो.

सर्वांत धोका उताराला आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी 'न्यूट्रल' टाकून गाडी सोडण्याची सवय काही चालकांना असते. मागे भरलेला ट्रेलर असेल तर तो गाडीला ढकलत नेतो, गाडी आडवी होते आणि चालक तिच्याखाली सापडतो. उतार 'लो'मध्ये, इंजिनच्या ओढीवर, सरळ उतरावा. ओझे कॅरिअरवर लिहिलेल्या वजनाच्या आतच हवे. नोंदणी नसेल तर ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

गॅरेजवाल्या बांधवांनी जळालेला बेल्ट हातात आला की नवा चढवण्याआधी गिऱ्हाईकाला विचारावे: ट्रेलर ओढता का? कोणत्या गिअरात? उत्तर 'हाय' आले तर 'लो' कधी टाकायचा ते त्याला गाडीवर बसवून दाखवावे. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत तीच गाडी दारात येईल आणि खापर तुमच्या कामावर फुटेल.