काउंटर-स्ट्राइकची आवृत्त्यंतरे

१९९९ साली मिन्ह ले व जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ'च्या पायावर रचलेल्या 'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या संगणकीय खेळाला पुढे व्हॉल्व्ह कंपनीचा आश्रय लाभला, आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीने मुरलेल्या खेळाडूंनाही पुनश्च विद्यार्थिदशेत आणून सोडले आहे. २००४ साली 'सोर्स' अवतरली, तरी १.६ या जुन्या आवृत्तीचे निष्ठावंत जागचे हलले नाहीत, आणि स्पर्धांचे विश्व कित्येक वर्षे दोन तटांत विभागलेले राहिले. २०१२च्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह'ने ते पुन्हा एकत्र आणले.

नकाशे परिचित आणि बंदुकांची नावेही तीच असताना अडचण कोठे येते, असे अनभिज्ञ वाचकास वाटेल. परंतु बंदुकीचा धक्का, पावलांचा वेग आणि धूर सोडणाऱ्या गोळ्याचा मार्ग ही सारी हातांच्या स्मृतीत रुजलेली असतात, आणि ती स्मृती बुद्धीचा हुकूम सहजासहजी मानीत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये तर स्फोटाने धूर क्षणभर दुभंगतो, आणि विजयासाठी सोळांऐवजी तेरा फेऱ्या पुरतात. साहजिकच जुने आडाखे निरुपयोगी ठरतात.

माझ्या मते या आवृत्तीने मागल्या आवृत्तीची जागाच घेतली, ही गोष्ट अन्यायाची झाली. कारण वर्षानुवर्षांच्या साधनेने कमावलेल्या कौशल्याला निवडीची मुभा असावयास हवी होती. 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' व्हॉल्व्हच्या 'स्टीम' या वितरणमंचावर आजही उतरवून घेता येते, मात्र १ जानेवारी २०२४पासून तिचे अधिकृत पाठबळ संपुष्टात आले आहे.