जड गाडीचा कस वळवताना लागतो

साखऱ्यासारख्या गावात बहुतेकांचा हात स्प्लेंडरवर बसलेला असतो. तिचं वजन 112 किलो, क्लासिक 350 सारख्या जड गाडीचं 195. लायसन्स मात्र दोन्हींना एकच, त्यामुळे हा 83 किलोंचा फरक कुणी शिकवत नाही. नवा चालवणारा मग सेनगावच्या रस्त्यावर ऐंशीचा वेग गाठून "गाडी जमली" म्हणतो. खरं तर वेगात गाडी बरीचशी स्वतःच तोल धरते. वजन जाणवतं ते गल्लीत गाडी माघारी वळवताना. म्हणून सराव हळू चालवण्याचाच करावा: मोकळ्या खळ्यावर पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि नजर जिथं जायचं तिथं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

कुणी म्हणेल, आम्ही स्प्लेंडरवर हळदीचं पोतं नेतो, वजनाचं काय सांगता? पण पोतं घरी उतरवता येतं, इंजिन नाही. "अंगात ताकद हवी" हेही अर्धसत्यच. कलंडू लागलेली गाडी पैलवानालाही सहसा आवरत नाही. तेव्हा पाय अडकण्याआधी सोडून द्यावी. पडलेली उचलताना सीटला पाठ लावून पायांनी रेटावं, कमरेनं नव्हे. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत साइड स्टँड रुततो. खाली चपटा दगड ठेवा.