बेशरम उपटल्यावर

गोंदिया जिल्ह्यात गावाच्या सामाईक वापराची ओस जागा बघायची असेल, तर उन्हाळ्यात तलावात उतरावं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कितीतरी मामा (माजी मालगुजारी) तलावांत मे महिन्यात पाण्याऐवजी बेशरम ही वनस्पती माजलेली असते. जनावरं तिला तोंड लावत नाहीत. तोडली, तर तुटलेलं कांडं चिखलात पुन्हा मूळ धरतं.

पूर्व विदर्भातले हे साडेसहा हजारांवर तलाव. बहुतेक कोहळी पाटलांनी गोंड राजांच्या आश्रयाने बांधलेले. नवेगावबांधचा, कोलू पाटलाचा म्हणून ओळखला जाणारा, त्यातला नावाजलेला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. बांधाची पार, पाणी सोडायचं तुडूम, सांडव्याचं सलंग, सगळं जागेवर राहिलं. रोज फेरी मारून बघणारं कुणी उरलं नाही.

तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर यांची ‘फीड’ संस्था आणि ढिवर समाजातले मच्छीमार यांनी इथे जे केलं, ते ऐकायला साधं वाटतं. बेशरम मुळासकट उपटायची आणि कोरडं बूड नांगरायचं. पाऊस पडून पाणी साठू लागलं, की दुसऱ्या चांगल्या तलावातून गाद, चौरा, देवधान अशा पाणवनस्पती आणून लावायच्या. ढिवर बाया गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतात, पण धानाची नव्हे, माशांच्या घराची!

खरी हुशारी कुठे काय लावायचं यात आहे. काही वनस्पती पाण्याखाली वाढतात, काहींची पानं तरंगतात, काही काठाच्या उथळ पाण्यात उभ्या राहतात. मरळ, बोटरी, शिंगूर यांना अंडी घालायला, लपायला, खायला हे सगळे थर लागतात; पाणपक्ष्यांनाही लागतात. हा आराखडा कुठल्या कार्यालयात काढलेला नाही. कोणता मासा कुठे सापडतो, हे पिढ्यान्‌पिढ्या बघणाऱ्यांच्या डोक्यातून तो आला आहे.

अडचणी मात्र पाठ सोडत नाहीत. बीज म्हणून गवत्या मासा सोडला, तर तो लावलेल्या वनस्पतीच फस्त करतो. धानाच्या बांध्यांतली कीटकनाशकं पावसासोबत तलावात उतरतात. आटलेल्या बुडावर अतिक्रमणाचा डोळा असतोच. त्यात जेसीबीची भर. गाळ काढणं चुकीचं नाही. पण नुसती खोली वाढवत गेलं, की परातीसारख्या तलावाचा रांजण होतो आणि काठाचा उथळ उतार जातो. पाणी वाढल्याची नोंद होते, देवधानाला मात्र उभं राहायला जागा उरत नाही.

तेव्हा यंदा गाळाच्या कामाला मंजुरी देताना जिल्हा परिषदेने खोलीच्या आकड्यासोबत उताराचा नकाशाही मागावा, आणि त्यावर सही होण्याआधी त्या तलावाच्या ढिवर बायांना पारीवर बोलावून घ्यावं.