किती चालेल, की किती धरेल?

शिवडीहून निघालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू न्हावा शेव्याच्या बाजूला उतरतो. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबई उरणच्या दारात आली, असे जो तो म्हणू लागला. चारचाकीवाल्यांपुरते ते खरे. दुचाकीला सेतूवर बंदी आहे. त्यामुळे जासई, नवघर, सोनारी, फुंड्याच्या बाइकवाल्याला गाडीवरूनच मुंबई गाठायची तर जुनीच वाट: करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा, पुढे उलव्यावरून बेलापूर.

ही वाट बंदराची आहे. जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून इथले रस्ते रात्रीही रिकामे नसतात. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला रांगेत उभे ट्रेलर, आणि मधल्या फटीतून शंभर-सव्वाशे सीसीची बाइक. तिच्यावर कंटेनर यार्डात पाळीला निघालेला कामगार असतो, क्लिअरिंगच्या कचेरीतला मुलगा असतो, कधी मागे मासळीची टोपलीही बांधलेली असते. हा माणूस टायर घ्यायला दुकानात गेला की हमखास विचारतो, "किती चालेल?" खिशाकडे बघता प्रश्न रास्त आहे. पण या रस्त्यांवर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पावसात किती धरेल?

टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी. ब्रेक, वळण, वेग, मागे बसलेली माणसे, सगळ्याचा भार अशा दोन तळहातांवर. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. एक म्हणजे ते पृष्ठभागाला चिकटते. दुसरे म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये दबून शिरते आणि सुटताना थोडी ऊर्जा गिळते. मऊ रबर ही दोन्ही कामे चांगली करते, म्हणून जास्त धरते आणि म्हणूनच लवकर झिजते. कडक रबर झिजायला वेळ लावते, पण ऐनवेळी सुटण्याची शक्यता वाढवते. पकड आणि आयुष्य यांचे हे भांडण जुने आहे. रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळल्याने ते बरेच निवळले, कारण सिलिकामुळे टायर थंडीत नि ओलीतही लवचिक राहतो. भांडण मिटले मात्र नाही.

ओल पकडीचे काय करते, हे गणिताने पाहण्यासारखे आहे. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगातली बाइक ब्रेक पूर्ण लागल्यावर सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला की २८ मीटर लागतात. फरक दहा मीटरचा, म्हणजे बंदरातल्या चाळीस फुटी कंटेनरच्या लांबीपेक्षा थोडाच कमी. आणि ओलीत तेल मिसळून गुणांक ०.२५ झाला तर ५७ मीटर! समोरच्या ट्रेलरचे लाल दिवे पेटल्यावर हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर त्यातले सोळा-सतरा मीटर वेगळेच.

तेल या भागात कुठून येते, हे सांगायला नको. वर्षभर ट्रेलरमधून डिझेल नि ऑइल थेंब थेंब सांडते, त्यावर धूळ बसते, भरावाची माती नेणारे डंपर चिखल सोडून जातात. जूनच्या पहिल्या सरीत हे सगळे वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. दोन-चार दिवस दणकून पाऊस झाला की तो धुऊनही निघतो. या किनारपट्टीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण अनुभवी चालक घाबरतो तो मुसळधार पावसाला नव्हे, पहिल्या रिमझिमीला. त्यातच पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या नि पांढरे पट्टे ओले झाले, की त्यांच्यावर कुठलाच टायर नीट धरत नाही. तिथे बाइक सरळ ठेवून, ब्रेक न दाबता जाणे एवढेच हातात असते.

टायरवरची नक्षी पकड वाढवते, हा समज सर्रास आढळतो. कोरड्या रस्त्यावर तो खोटा आहे. शर्यतीच्या बाइकचे कोरड्यातले टायर सपाट गुळगुळीत असतात, कारण जितके रबर टेकेल तितके चांगले. खाचा असतात पाणी बाहेर काढायला. म्हणूनच गोटा झालेला टायर मे महिन्यात कुरकुरत नाही आणि मालकाला वाटते, अजून एक हंगाम निघेल. जूनमध्ये तोच दगा देतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ नुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. चारचाकीला ही मर्यादा १.६ आहे. ०.८ ही कायद्याची शेवटची पायरी झाली. उरण-पनवेल पट्ट्यात जो पावसाळ्यात रोज गाडी काढतो, त्याने मेअखेरीसच टायर बघून घ्यावा. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, तेच झिजेचे निशाण. नक्षी त्यांच्या पातळीला आली, की विषय संपला.

मग घ्यायचा कोणता? टोकाची दोन उदाहरणे घेऊ. चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक २०१३ मध्ये बाजारात आली ती मेट्झेलरचे मऊ रेडियल टायर घालून. वळणात त्यांची पकड अशी, की मालक खूश. मागचा टायर बदलायचे बिल आले की तेच मालक हिरमुसलेले. दुसऱ्या टोकाला मायलेज आणि आयुष्य यांच्यासाठी बनवलेले कम्यूटर बाइकचे अरुंद, कडक टायर. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सरळ महामार्गावर चालणाऱ्याला पहिला प्रकार परवडत नाही. शिवाय फार मऊ, शर्यतीच्या धाटणीचे रबर गरम झाल्याशिवाय धरत नाही, आणि करळ फाट्याच्या कोंडीत भर पावसात ते गरम होणार कधी? या माणसाला मधला प्रकार हवा: रस्त्यासाठीचाच, खोल खाचांचा टायर. आपल्या मापात दुहेरी रबराचा मिळाला तर उत्तम. त्यात मधला पट्टा कडक नि कडा मऊ असतात, सरळ चालताना झीज कमी आणि वळणात पकड जास्त.

दुकानात तुलना करायला आधार मात्र तुटपुंजा. कार, ट्रक आणि बसच्या टायरांसाठी केंद्राने २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण-रोध (रोलिंग रेझिस्टन्स) आणि आवाज यांचे मापदंड जाहीर केले; दुचाकीचे टायर त्यात नाहीत. ज्या वाहनाला दोनच चाके आहेत, त्यालाच ओलीतल्या पकडीचे मोजमाप नसावे, हे अजब आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

मोठ्या बाइकवाल्यांची गोष्ट निराळी. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याच्या कक्षेत आणली. परदेशी टायर सहज मिळेनासे झाले, आणि देशी कंपन्यांनी मोठ्या बाइकच्या मापांकडे जास्त लक्ष दिले. दुचाकीचे टायर बनवणारा सिएटचा एक कारखाना तर आपल्याच राज्यात, बुटीबोरीत आहे.

पकडीचे मोजमाप नसले तरी टायरच्या कडेवर बरेच वाचता येते. १००/८०-१७ ५२पी म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के, रिम १७ इंची, भार २०० किलोपर्यंत, वेग ताशी १५० पर्यंत. मागे दोघे बसतात, टाकीवर पोर असते, वर सामान. तेव्हा भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नये. आयएसआयची खूण सक्तीची आहे. आणि चौकटीतला चार आकडी क्रमांक: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही कडक होते, त्याला बारीक चिरा जातात. सवलतीतला "नवा" टायर तीन वर्षे गोदामात पडून असेल, तर ती सवलत कसली.

दिसायला भारी म्हणून एक माप रुंद टायर बसवण्याची हौस पोरांमध्ये फार. अरुंद रिमवर तो आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, बाइक वळायला जड होते, कधी चेनच्या कव्हरला घासतो. कंपनीने दिलेले माप सोडू नये.

झीज स्वतःही बोलते. दोन्ही कडा झिजल्या नि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य सपाट नि कडा कोऱ्या, तर हवा जास्त, किंवा नुसता सरळ महामार्ग. हवेचा आकडा चेनच्या कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा नि दोघांसाठी वेगळा. हवा थंड टायरमध्ये मोजायची, आठवड्यातून एकदा. बंदराच्या रस्त्यावर खिळे आणि तारांचे तुकडे यांना तोटा नाही. ट्यूबलेसमधून हवा हळू जाते, म्हणून खिळा घुसल्याचे कळतही नाही.

आता पैशाचे. मागचा टायर आधी झिजतो, म्हणून तो बदलला जातो आणि पुढचा "चालतोय अजून" म्हणत वर्षानुवर्षे राहतो. पण जोरात ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. मागचे घसरले तर गाडी सावरायला थोडी संधी मिळते, पुढचे घसरले तर माणूस खाली. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड आणून देत नाही. चांगल्या टायरसाठी खिशात एकाचेच पैसे असतील, तर ते पुढच्यावर खर्च करा. नवा टायर बसवल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर मात्र वळणे जपून घ्या. कोऱ्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघायला तेवढे अंतर लागते.