थेंबाचं भिंग

मी कराडमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताच्या स्लाइड पाहायच्या, पेशी मोजायच्या, तापाच्या रुग्णांच्या रक्तात मलेरियाचे जंतू आहेत का ते शोधायचं, यात दिवस जातो. त्यामुळे गल्लीतले पालक मला हमखास विचारतात, ‘‘ताई, मुलाला मायक्रोस्कोप घ्यायचाय, कुठला घेऊ?’’ मोबाइलवर फोटोही दाखवतात. प्लॅस्टिकचा रंगीत मायक्रोस्कोप आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२०० पट’. माझं उत्तर ठरलेलं आहे. इतक्यात काहीच घेऊ नका.

त्या आकड्यात फसगत आहे. लॅबमध्ये हजार पटीनं पाहायचं असेल तर मी स्लाइड आणि भिंगाच्या मध्ये खास तेलाचा थेंब सोडते, खालचा प्रकाश नेमका एकवटते, आणि रक्त तर आधीच एका पेशीच्या जाडीइतकं पातळ पसरलेलं असतं. हे सगळं नसेल तर मोठा होतो तो नुसता धूसरपणा. पुरेसा उजेड, पातळ नमुना आणि स्थिर हात, एवढं साधलं की साठ पटीतही पुष्कळ दिसतं. रविवारी सकाळी आमच्या अंगणात जमणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते, आणि भिंग त्यांनाच करायला लावते.

सुरुवात मोबाइलपासून. पडद्यावर कोरं पांढरं चित्र आणायचं आणि ओल्या बोटानं त्यावर मोहरीएवढा एकच थेंब सोडायचा. थेंबात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. पांढरा ठिपका कुठेच नसतो. हे कळल्यावर मुलं घरातला प्रत्येक पडदा तपासत सुटतात.

मग जुनी लग्नपत्रिका घ्यायची. त्या जाड कागदाला खिळ्यानं दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं, कागद पाणी पिऊ नये म्हणून भोकाभोवती मेणबत्ती घासायची आणि सुईशिवायच्या सिरिंजनं भोकात थेंब सोडायचा. पृष्ठताणामुळे थेंब भोकाला धरून राहतो आणि दोन्ही बाजूंनी फुगतो. झालं भिंग. कार्ड डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वर्तमानपत्रातला रंगीत फोटो उजेडाकडे धरून हळूहळू जवळ आणायचा. नटाच्या गालाचे निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके होतात. नव्या नोटेवर ‘भारत’ हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते शोधायला लावलं तर मुलं बराच वेळ जागची हलत नाहीत.

थेंब मोठा घेतला की जास्त मोठं दिसेल असं जवळजवळ प्रत्येक मुलाला वाटतं. घडतं उलट. थेंब जितका लहान, तितकी त्याची गोलाई जास्त, आणि तितकाच तो प्रकाश अधिक वळवतो. हे मी सांगत नाही. दोन भोकं पाडायला लावते. वैशाखात पाण्याचा थेंब बघता बघता आटतो, तेव्हा मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन वापरावं. ते उडून जात नाही आणि प्रकाशही पाण्यापेक्षा जास्त वळवतं. थेंबाचं भिंग ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांनी पाण्याच्या थेंबाच्या सूक्ष्मदर्शकाचं वर्णन १६९६ मध्ये छापलं होतं.

त्याच्या आधीच, १६७४ च्या सुमारास, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावातल्या अँटनी व्हॅन लेवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं तळ्याच्या पाण्यातले एकपेशीय जीव पाहिले. विद्यापीठाचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. तळहातावर मावेल अशी धातूची पट्टी आणि तिच्यात स्वतः घडवलेलं एकच इवलंसं भिंग, एवढंच त्याचं साधन. आज शिल्लक असलेल्या त्याच्या उपकरणांपैकी सर्वांत ताकदवान उपकरण सुमारे २७० पट मोठं दाखवतं. काचेचा बारीक तंतू ज्योतीत धरला की टोकाला वितळून आपोआप गोल मणी होतो, ही युक्ती रॉबर्ट हूकनं १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’मध्ये सांगितली आहे. दोन मिलिमीटरचा असा मणी साधारण १७० पट मोठं दाखवतो. मणी करण्याचं काम मोठ्यांनी करावं, डोळ्यांवर चष्मा घालून. मुलांनी तो कार्डात बसवावा. मूळचे मेरठचे मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली पुढे आणलेला कागदी घडीचा ‘फोल्डस्कोप’ही अशाच एका मण्यावर चालतो.

मणी जमत नसेल तर खेळण्यातल्या बिघडलेल्या लेझर लाइटचं भिंग काढा. केसांच्या काळ्या पिनेत ते अडकवून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीनं बसवलं की कॅमेरा अगदी जवळचं टिपतो. मोबाइल हातात धरू नये, दोन डब्यांवर ठेवलेल्या काचेवर ठेवावा.

नमुन्यांत कांद्याला तोड नाही. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमटीनं ओढायचा, काचेवर पाण्यात सपाट पसरायचा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि प्रत्येकीत पिवळसर केंद्रक दिसतं. पापुद्र्याला सुरकुती पडली तर काही दिसत नाही. पातळपणाचा धडा तिथेच मिळतो. पानांवरची पर्णरंध्रं पाहायला मात्र मणीच हवा. जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीनं सोलून काचेवर चिकटवायचं. पानाचा ठसा उमटलेला असतो, आणि त्यात ओठांच्या जोड्यांसारखी रंध्रं. मग वरच्या बाजूचा ठसा घेऊन ती कुठे जास्त आहेत ते मुलांनीच मोजावं. पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या पानाला ती वरच्या बाजूला असतात. का, ते मुलं स्वतःच सांगतात.

मुलं पहिल्यांदा जी ‘पेशी’ शोधून काढतात ती बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा असते. जाड काळी कड, आत चकाकी, आकार अगदी गोल. मी तो पुसून टाकत नाही. काचेवर मुद्दाम बुडबुडे करायला लावते आणि बांगडी ठेवून काढलेल्या वर्तुळात त्यांचं चित्र काढायला सांगते. एकदा बुडबुडा चित्रात उतरवला की पुढे तो फसवत नाही. चित्राचा माझा आग्रह फोटोपेक्षा जास्त आहे, कारण रेघ ओढताना मुलाला ठरवावं लागतं की कड खरंच तिथे आहे का. लॅबमध्ये रोज मलाही हेच ठरवावं लागतं. रंगाचा कण आणि मलेरियाचा जंतू यांत गल्लत झाली तर रुग्णाला चुकीचं औषध जातं.

मलेरियाचा विषय निघाला की मी मुलांना रोनाल्ड रॉस यांची हकीकत सांगते. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू त्यांना ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला, तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामानं गंजले होते आणि नेत्रभिंगाला तडा गेला होता. त्यानंतर आम्ही पिंपातल्या अळ्या बघतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अळी शेपटीची श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून उलटी लोंबकळते. मलेरियाच्या अ‍ॅनाफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी राहते. उथळ झाकणात एक अळी घेऊन मोबाइलच्या भिंगाखाली धरली तर पाठीच्या रेषेत तिचं हृदय धडधडताना दिसतं. बघून झालं की पिंप ओतायचं, घासून कोरडं करायचं.

एक गोष्ट मी ठामपणे नाकारते. मुलं रक्त पाहायचंय म्हणून बोटाला सुई टोचायला तयार असतात. घरी ते अजिबात करायचं नाही. पेशीच पाहायची असेल तर स्वच्छ इअरबडनं गालाच्या आतून हलकेच पुसून घ्यावं. आणि कुठल्याही भिंगातून सूर्याकडे पाहायचं नाही, खिडकीचा उजेड पुरतो.

जास्त दिवस चालणारा प्रयोग हवा असेल तर बरणीत मूठभर वाळलेलं गवत आणि नदीचं किंवा डबक्याचं पाणी भरा. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडाला फडकं बांधा. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं. ते जिवाणू, आपल्या मण्यात ते सुटे दिसत नाहीत. मग त्यांना खाणारे धावते ठिपके येतात, आणि आठवडाभरात बहुधा चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम. तो इतका चपळ असतो की नजर टिकत नाही, म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू ठेवायचे. तो त्यांच्यात अडखळतो. रोज एक थेंब, रोज एक चित्र, खाली तारीख. वास फार सुटला की पाणी झाडाच्या बुंध्याशी ओता, हात साबणानं धुवा आणि पुढची बरणी दुसऱ्या जागच्या पाण्यानं भरा. आमच्या नदीवरच्या प्रीतिसंगम घाटाशी सापडलेले जीव उसाच्या पाटात असतीलच असं नाही.