डेमोआधीची अर्धी गोळी आणि पेशीच्या दारावरची बेल

आजचा विषय रिसेप्टर. पण सुरुवात एका गोळीपासून.

गेल्या वर्षी क्लायंट डेमोच्या आधी माझे हात थरथरत होते. टीममधला मित्र म्हणाला, "अरे, अर्धी प्रोप्रॅनोलॉल घे. धडधड थांबते." गोळी तोंडात टाकणार, इतक्यात खिशातला इनहेलर हाताला लागला. मला लहानपणापासून दमा आहे. म्हटलं, आधी वाचू तरी. वाचलं आणि गोळी परत दिली. का, ते सांगतो.

आपण घाबरलो की रक्तात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पडद्यावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, दारावरच्या बेलसारखी. अ‍ॅड्रेनलिन फक्त बेल वाजवतं, काम आतली यंत्रणा करते. आणि घरोघरी काम वेगळं! हृदयात मुख्यतः बीटा-१ रिसेप्टर असतात. ते वाजले की ठोके वाढतात. श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-२ असतात. ते वाजले की स्नायू सैलावतात, हवेची वाट मोकळी होते.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना हृदयावरचा ताण कमी करायचा होता. त्यांची कल्पना साधी होती: बेलवर नुसतं बोट ठेवायचं, दाबायचं नाही. म्हणजे अ‍ॅड्रेनलिनलाही ती वाजवता येणार नाही. यातूनच १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं. १९८८ च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये ब्लॅक यांचाही वाटा होता.

अडचण अशी, की प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ असा भेद करत नाही. हृदयासोबत श्वासनलिकांचीही बेल अडते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्यामुळे आवळू शकतात. वर माझ्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल तीच बीटा-२ बेल वाजवून काम करतं. म्हणजे अटॅक आला असता, तर इनहेलरचाही पुरेसा उपयोग झाला नसता.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही पुढची औषधं बीटा-१ वर जास्त काम करतात. पण डोस वाढला की त्यांचाही नेम ढळतो.

लक्षात ठेवायचं एवढंच: गोळी अवयव ओळखत नाही, रिसेप्टर ओळखते. म्हणून मित्राची गोळी ही आपली गोळी नसते. आणि डॉक्टरांनी तुम्हाला हे औषध दिलं असेल, तर हा भाग ऐकून ते अचानक बंदही करू नका. आधी त्यांना विचारा.

आणि डेमो? हात थरथरतच दिला. झाला की!

भेटू पुढच्या भागात.